वहिनींचा निरोप

अण्णा, तुम्ही गेलात आणि घरात कोणी रडलं नाही. तुमच्या शिष्यांना ते फार आवडलं. तुम्हाला खाली नेताना जिन्यात एकजण दुसऱ्याला म्हणाला, "देखा भिया, सरांच्या घरात आजही कोणी आवाज काढत नाही." मी वर दारात उभी होते. मला काही धीर वगैरे नव्हता. तुम्हाला उचलून, पुसून, भरवून माझे खांदे भरून आले होते आणि मला झोप येत होती. पण तुमच्या माणसांना माझ्या झोपेतसुद्धा धीर दिसतो. तुम्हीच शिकवलंय त्यांना.

दोन-तीन दिवसांनी टेबलाच्या खणातून बारीक शिट्टी ऐकू आली. तुमचं कानातलं यंत्र चालूच राहिलं होतं. मी बॅटरी काढली आणि खण लावून टाकला. तेव्हा मात्र जरा बसावं लागलं मला.

बोलायचं मला कधीच जमलं नाही. पाहुणे आले की चहा ठेवायचा आणि आत जायचं. चौथी झाली, आई आजारी पडली, बहीण म्हणून माझी शाळा सुटली आणि तुमचं कॉलेज सुरू झालं. पण लिहिता येतं मला. काल तुमची स्मरणसभा झाली. तिथं मी बोलले, आणि जे झालं ते तुम्हाला कळायला हवं. वहिनींचा निरोप इतकी वर्षं माझ्याजवळ पडून होता. तुम्ही तो कधी विचारलाच नाहीत.

कालच्या सभेत सगळे म्हणाले की शोकांतिका कशी बघायची ते तुम्ही लोकांना शिकवलंत. खरं आहे. तुमच्यामुळे इंदूरच्या बायका नाटकात रडायच्या थांबल्या. मी तुमच्या शेजारी तिसऱ्या रांगेत बसायचे, मला दिसायचं. स्टेजवर कोणाचं तरी मूल मरायचं, पुढच्या बाई पर्समधून रुमाल काढायच्या, मग मान वळवून तुमच्याकडे बघायच्या. तुम्ही दगडासारखे. रुमाल परत पर्समध्ये. आपल्याकडच्या एका मंडळाच्या नाटकात एक आई होती, मुलाची बातमी ऐकून ती जमिनीवर लोळायची. तुम्ही पेपरात लिहिलंत आणि पुढच्या प्रयोगापासून ती आई बातमी ऐकूनही तांदूळ निवडत बसायला लागली. लोक म्हणाले, वा. मी बघितलं, ती खडे टाकत नव्हती, तांदूळच इकडून तिकडे करत होती.

इंदूरजवळच्या राऊच्या कॉलेजातली एक मुलगी स्पर्धेत खरंच रडली. नाक वाहायला लागलं तिचं. सगळा हॉल गप्प झाला होता. तुम्ही परीक्षक. तिला तुम्ही म्हणालात, "बेटा, ही हळहळ आहे. शोकांतिका नव्हे." ती मान खाली घालून "जी सर" म्हणाली. नंतर ती नाटकात कुठे दिसली नाही.

हळहळ हा तुमचा शब्द. मला तो चांगलाच माहीत होता, कारण तुम्ही तो माझ्यावरच घासून लखलखीत केला होता. पुण्याहून कोणी प्राध्यापक आले होते, मी चहाचा ट्रे घेऊन आले, आणि तुम्ही म्हणालात, "आता हिचंच बघा. देपालपूरला दिली होती. लग्नाला वर्ष झालं नाही तोच नवरा विहिरीत पाय घसरून गेला. वाईट झालं. पण यात नाट्य नाही. त्यानं काही निवडलं नाही, हिनं काही निवडलं नाही. ही हळहळ." ते प्राध्यापक माझ्याकडे बघून मान हलवत राहिले. मी विचारलं, साखर किती. दुसरं काय विचारणार होते?

वहिनी तेव्हा आत पोळ्या लाटत होती. मी आत गेले तशी ती म्हणाली, "ऐकलं मी. उद्या त्यांच्या आमटीत मीठ नाही घालणार." आणि नाही घातलं. तुम्ही मुकाट्यानं जेवलात, अण्णा. तुमच्या लक्षातच आलं नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसत होतो.

उपकारही लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल एकांगी आहे. तुम्ही मला घर दिलंत. सासरी विधवा म्हणून खितपत ठेवली असती, तुम्ही स्वतः येऊन मला घेऊन आलात आणि वाटेत बसमध्ये एकदाही उपदेश केला नाहीत. प्रत्येक नाटकाला माझं तिकीट काढलंत. येताना स्कूटरवर मला समजावून सांगायचात, वाऱ्यात अर्धं ऐकू यायचं नाही, तरी मी हूं हूं करायचे. तेव्हा तुम्ही बरे होतात. तुम्हाला सगळं येतं असं तेव्हा तुम्हाला वाटत नव्हतं.

आता ती दुपार. तुमच्या शिष्यांना पाठ आहे ती, पण त्यांची वेगळी आणि माझी वेगळी.

आपण मल्हारगंजात राहत होतो. वहिनीच्या हृदयाचं दुखणं जुनं, त्या दिवशी श्वास फारच लागला. तुमचं व्याख्यान चार गल्ल्या पलीकडे, शोकांतिकेवरच. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले होते, म्हणाले होते घरच्यांना बोलावून घ्या. वहिनीनं माझा हात धरला आणि तुम्हाला काय सांगायचं ते मला सांगितलं. शेजारच्या जैन काकींना तिच्याजवळ बसवून मी निघाले.

हॉलच्या दारात मुकुंद उभा होता. तुमचा लाडका विद्यार्थी, तेव्हा मिसरूडही धड नव्हतं. आत सगळे पुरुष. मी त्याला हळू आवाजात म्हटलं, "अण्णांना वहिनींचा निरोप आहे."

त्याचा चेहरा पांढरा पडला. म्हणाला, "कब?"

मला वाटलं, निरोप कधी दिला ते विचारतोय. म्हटलं, "आत्ताच."

तो इंदूरचा पोरगा. घरात मराठी, पण निम्मी हिंदीच. निरोप हा शब्द त्यानं एकाच ठिकाणी ऐकला होता, शाळेच्या निरोप समारंभात. त्याच्या लेखी निरोप म्हणजे विदाई. हे मला तेव्हा कुठे माहीत? तो वाकून स्टेजवर गेला आणि तुमच्या कानात म्हणाला, वहिनी गेल्या.

तुम्ही टेबलावर हात टेकलात. दाराकडे बघितलंत. मी दिसले. आणि तुम्ही हात वर करून मला थांब म्हणालात.

मी थांबले. मला वाटलं, एखादं वाक्य संपवून येतील. तुम्ही पाणी प्यायलात आणि पुढे बोलायला लागलात. मुकुंदनं मला खुर्ची आणून दिली, पाण्याचा ग्लास दिला, हात जोडले. मला वाटलं, किती चांगल्या घरचा मुलगा. मी खुर्चीच्या कडेवर बसून तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही लोकांकडे बघत होतात. तुमचा आवाज त्या दिवशी फार चांगला लागला होता. टाळ्या झाल्या, आभार झाले, हारही घालून घेतलात.

घरी आलो तर जैन काकी दारात. त्यांनी नुसती मान हलवली. मागे व्याख्यानातली माणसं होती, मुकुंदनं सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्ही काकींना म्हणालात, "मला माहीत आहे." तीन शब्द. त्या तीन शब्दांवर तुमची पुढची चाळीस वर्षं उभी राहिली.

आत काकी मला म्हणाल्या, "अभी-अभी गईं, बेन. दरवाज़े की तरफ देखती रहीं." तेव्हा माझ्या डोक्यात काही सरकलं. तुम्हाला माहीत कसं होतं?

सगळं आटोपल्यावर मी तुम्हाला विचारलं. तुम्ही खिडकीत बसला होतात.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"मुकुंदनं. तूच तर निरोप आणलास."

"मी निरोप आणला, अण्णा. ती गेल्याचा नाही. तिनं दिलेला. ती तुम्हाला बोलावत होती."

तुम्ही चष्मा काढलात. पुसलात. परत घातलात. मी वाट बघत होते. म्हटलं, आता विचारतील काय म्हणत होती. तुम्ही म्हणालात, "मी ऐकलं ते हे, की ती गेली. मी जे केलं ते, ती गेली हे कळून केलं. त्याचं मोल त्यानं कमी होत नाही."

मोल म्हणालात. बायकोला आत जमिनीवर ठेवलं होतं तिथली धुतलेली लादी अजून वाळली नव्हती.

"आणि हे मुकुंदच्या कानावर घालू नकोस," तुम्ही म्हणालात. "पोरगा मोडेल."

मी मूर्ख, मला ते मोठेपणाचं वाटलं. खूप वर्षं वाटत राहिलं. पोराला वाचवताहेत, म्हटलं, आपल्या दुःखातही. पुढे तुमचं ते निळं पुस्तक आलं तेव्हा मला कळलं की कोण मोडू नये म्हणून मला गप्प बसवलं होतं.

ते पुस्तक मी वाचलंय, अण्णा. तुम्हाला वाटायचं मी त्याच्यावरची धूळ पुसते. मला वेळ लागला, पण वाचलं. त्याच्या आधी तुम्ही सांगायचात की मोठ्या माणसात एक खोट असते आणि त्या खोटीपायी तो संपतो. ते मला पटायचं. पुस्तकात ती खोट गेली. तिथं आला धीर. निरोप दाराशी येऊन थांबतो, आणि माणूस हातातलं काम पुरं करतो, तिथं शोकांतिका उंच होते, असं तुम्ही लिहिलंत. निरोप म्हणजे सांगावा आणि निरोप म्हणजे ताटातूट, दोन्हीला एकच शब्द, आपली भाषा किती शहाणी, त्यावर अख्खं प्रकरण. आपली भाषा शहाणी नाही, अण्णा. त्या दुपारी तिनं घोटाळा केला आणि तुम्ही त्या घोटाळ्याला प्रस्तावना लिहिलीत. त्यात वहिनी "शांतपणे, निर्भयपणे" गेली, असंही लिहिलंत. कोणी सांगितलं तुम्हाला? तुम्ही तर तिथं नव्हतात.

पुस्तकावर पोरांनी परीक्षा दिल्या, लोक लांबून यायचे, त्या दुपारची गोष्ट विचारायचे, आणि तुम्ही "जाऊ द्या हो" म्हणायचात. सांगायचं तुम्ही नाही, सांगायचा मुकुंद. तुम्ही फक्त मान खाली घालायची. एवढा चांगला नट इंदूरला दुसरा झाला नाही.

आणि शेवटी तुम्ही रडलात. नर्सनं शीर सापडेना म्हणून दोनदा सुई टोचली तर हमसून रडलात, माझा पदर धरलात. मी डोक्यावरून हात फिरवला. मला तुमचा राग नव्हता आला तेव्हा. पण त्या राऊच्या मुलीची आठवण आली.

आता काल. मुकुंद सकाळीच फ्लॅटवर आला. तो आता स्वतः रिटायर झालाय, केस पांढरे, गुडघे धरून सोफ्यावर बसतो. तुमच्या आजारपणात रोज डबा आणणारा तोच होता, बाकीचे फोटोपुरते यायचे. म्हणाला, "ताई, सभेत तुम्ही बस दो लाईन बोला. त्या दिवशी निरोप तुम्ही आणला होता ना, एवढंच. लोकांना पूरा हॉल आठवतो, तुम्ही नाही आठवत. ये ठीक नहीं है."

"मला नाही जमत रे बोलायला."

"अरे जमेल. मी बाजूला उभा राहतो."

त्यानं हे चांगुलपणानं म्हटलं होतं. तो मला गोष्टीत जागा द्यायला निघाला होता. मी दिवसभर विचार करत बसले. खरं बोलले तर हा मोडेल. नाही बोलले तर तुमच्या खोट्यावर माझ्या तोंडानं शिक्का बसेल, आणि वहिनी कायमची निर्भयपणे मरेल.

सभेत तुमचा फोटो होता, झेंडूचे हार होते. एक जण म्हणाला की सरांनी आपल्याला अश्रूंच्या गुलामीतून सोडवलं. दुसऱ्यानं तेच जास्त वेळ घेऊन सांगितलं. मग माझं नाव पुकारलं. माइकला हात लावला तर तो करकरला. ठरवलं होतं बरंच, तोंडातून एकच वाक्य आलं.

"वहिनी तेव्हा जिवंत होती."

मला वाटलं, झालं. आणि मुकुंद पुढे आला, माइक घेऊन म्हणाला, "ताईंच्या मनात वहिनी तेव्हाही जिवंत होत्या, आजही आहेत. यापेक्षा मोठं काय बोलणार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्मरणसभेत टाळ्या. कोणीतरी मला खाली उतरवून खुर्चीवर बसवलं. तुम्ही बांधलेला किल्ला, अण्णा, त्यात खरं वाक्य फेकलं तरी तो त्याचा हार करून तुमच्या गळ्यात घालतो.

मग चहा आणि कचोरी. लोक तुमच्याबद्दल बोलत कचोरी खात होते, चटणी चांगली होती म्हणत होते. मुकुंद माझ्यासाठी प्लेट घेऊन आला. म्हणाला, "ताई, बहुत बढ़िया बोला."

मी त्याला मराठीत नाही सांगितलं. मराठीत एकदा सांगून झालं होतं. म्हटलं, "मुकुंद, भाभी ज़िंदा थीं. मैं बुलाने आई थी."

तो हसतच होता. मग हसू तोंडावरच राहिलं आणि डोळे बदलले.

"पण तुम्ही बोलल्या होत्या निरोप..."

"निरोप म्हणजे सांगावा. तिनं सांगून पाठवलं होतं."

"हमारे यहां तो..." तो थांबला. "शाळेत निरोप समारंभ असायचा, ताई. मी समजलो..."

"माहीत आहे मला."

प्लेट त्यानं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. बराच वेळ ठेवतच होता, हात सुटत नव्हता. मग त्यानं विचारलं, "सरांना माहीत होतं?"

इथं मी खोटं बोलू शकले असते, अण्णा. तुम्ही माझे भाऊ. मला बसमधून घरी आणणारे. मी म्हटलं, "त्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"आणि पुस्तक?"

"पुस्तक नंतर लिहिलं."

मग मी म्हटलं, "तुझा एक शब्द चुकला, बाळा. शब्द कोणाचाही चुकतो. पण तू गेल्या म्हणालास ना? बायको गेली असं कानात सांगितल्यावर माणूस उठतो. तू असतास तर उठला असतास." आणि तो मोडला नाही, हे तुम्हाला सांगते. चाळीस वर्षं तुम्ही ज्याची काळजी वाहिलीत म्हणे, तो मोडला नाही. त्यानं मला असं काही विचारलं जे तुम्ही मरेपर्यंत विचारलं नाहीत.

"काय म्हणाल्या होत्या वहिनी?"

मी सांगितलं. "म्हणाली, त्यांना म्हणावं, मला भीती वाटतेय. जरा येऊन बसा."

मुकुंद रडायला लागला. भर हॉलमध्ये, तुमच्या फोटोसमोर, नाक ओढत. दोघं-तिघं वळून बघायला लागले, एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. तुमचेच ते. मुकुंदनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक खुर्ची ओढली आणि माझ्याजवळ बसला. माणसं गेली, दिवे एकेक करून बंद व्हायला लागले, खुर्च्या उचलणारे येऊन उभे राहिले, तरी तो उठला नाही. नुसता बसून होता.

इतकंच करायचं होतं, अण्णा.